राणीचं कन्यादान

त्रिवेणीबाईंबद्दल वाकडं बोललं की आश्रमातल्या बायका माझ्या अंगावर धावून येतात. येऊ देत. मी आधी चांगलंच सांगणार आहे, सगळं सांगणार आहे, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला नमकहराम म्हणायला नको.

बाई म्हणजे एकनाथरावांची एकुलती एक मुलगी. परभणीकडं जमीन, कापसाचे दोन जिनिंग कारखाने, आणि इथं हैदराबादेत सुलतान बाजारात ओळीनं दुकानं. निजामाचं राज्य गेलं त्याच साली एकनाथराव वारले आणि सव्वीस वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं सगळं आलं. काका, मामा, आत्या, सगळे स्थळं घेऊन दारात. बाईंनी एकेकाला चहा पाजून वाटेला लावलं. लग्न केलंच नाही. अंबरपेठेत जागा घेतली, टाकलेल्या बायकांसाठी आश्रम काढला. सुलतान बाजारातल्या दोन दुकानांमधली भिंत पाडली आणि तिथं मराठी छापखाना घातला. खिळे जुळवायला बायका! पुरुष कंपोझिटर म्हणाले, आम्ही बायकांच्या शेजारी उभं राहून काम करणार नाही. बाई म्हणाल्या, हौ, नका करू, जावा. सगळे गेले. मग बाई स्वतः महिनाभर अक्षरांचे शिशाचे खिळे बोटात धरून शिकल्या आणि मग बायकांना शिकवलं. काळी शाई त्यांच्या नखातून कधी पूर्ण गेली नाही.

मी पासष्ट साली आले. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला नांदेडहून गाडीत बसवून दिलं. नातेवाईक होते इथं, त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि आश्रमाच्या फाटकाशी आणून सोडलं. बाईंनी विचारलं, "नाव काय?" मी म्हणलं, "भामा." आणि रडत रडत पुढचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "बास. पुढचं मला नको." तो आश्रमाचा नियमच होता. आलेल्या बाईला मागचं विचारायचं नाही. नवरा कोण, जात कुठली, का टाकली, काही नाही. तुम्हाला सांगते, त्या एका नियमावर आम्ही बायका जगलो. मला वांझ म्हणणारं एक तोंड त्या फाटकाच्या आत नव्हतं.

छापखान्यात माझा हात लवकर बसला. पण पहिल्याच वर्षी मी एक उद्योग केला. एका वकिलाचं भाषण छापायला आलं होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं, स्त्रियांची बुद्धी मुळात चंचल असते. माझं टाळकं फिरलं. ती ओळच मी जुळवली नाही, गुपचूप पुढं गेले. बाईंनी प्रूफ वाचताना पकडलं. माझ्याकडून ते अख्खं पान मोडून पुन्हा जुळवून घेतलं, त्या ओळीसकट. म्हणाल्या, "भामा, मजकूर आपला नसतो. बायकांच्या हाती छापखाना देऊ नये म्हणणारे बसलेच आहेत टपून. ज्या दिवशी आपण मजकुराला हात लावू, त्या दिवशी ते खरे ठरतील." त्यानंतर बत्तीस वर्षांत मी कुणाच्या लिहिलेल्यातला काना इकडचा तिकडं केला नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण माझं वाटोळं हिनंच केलं.

चौऱ्याहत्तर साली बाईंनी आश्रमाच्या फाटकात पाळणा टांगला. ज्या बाईला मूल ठेवता येत नाही तिनं ते नाल्यात टाकू नये, इथं ठेवावं, असा बोर्ड मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. लोक येताजाता थुंकायचे. एकानं पाळण्यात मेलेलं मांजर आणून टाकलं. बाईंनी स्वतः पाळणा धुतला आणि पुन्हा टांगला. तीन महिन्यांनी त्यात राणी आली. आठ दिवसांची असेल. मी छापखान्यातून आले होते, हातपाय धुवून ओसरीवर बसले होते. बाईंनी ते गाठोडं माझ्या ओटीत घातलं आणि म्हणाल्या, "घे, ही तुझी."

माझी झाली ती. त्या घडीपासून माझी झाली, यात कुणाला शंका असेल तर त्यानं माझ्यासमोर यावं.

राणी दोन वर्षांची झाली तेव्हा मी तारनाक्याला रेल्वे क्वार्टरांच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आश्रमात राहिली असती तर आज ना उद्या कुणीतरी बोलून गेलं असतं. शाळेत आईचं नाव भामा लावलं, बापाच्या जागी माझ्या नवऱ्याचं. तो तुझ्या जन्माआधीच वारला, असं तिला सांगितलं. जिवंत माणसाला मारून टाकलं मी, आणि मला त्याचं तिळभर वाईट वाटलं नाही. आश्रमातल्या बायकांना सगळं माहीत होतं, पण नियम म्हणजे नियम. एकीनंही तोंड उघडलं नाही.

पोरगी हुशार निघाली. शाळा इंग्रजी, सोबतीला तेलुगू. घरात माझ्याशी मराठी बोलायची, पण वाचायचं म्हटलं की बोंब. एकेक अक्षर बोटानं दाबत वाचणार आणि दुसऱ्या ओळीला कंटाळणार. मीही रेटलं नाही. लाखो मराठी अक्षरं ह्या बोटांतून गेली, आणि घरात एक पोरगी मराठी वाचणारी मला घडवता आली नाही. कॉलेज झालं, कॉम्प्युटर शिकली, बेगमपेठेत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिथंच निखिल भेटला. पुण्याचा. मुलगा चांगला होता, मान खाली घालून बोलायचा. मी लग्नाला हौ म्हणून टाकलं.

आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. राणीच्या लग्नात पाटावर मी बसणार. एकटी. कन्यादान मी करणार.

हे उगंच नव्हतं. आश्रमात तशी रीत पडली होती, बाईंनीच पाडली होती. आमच्यातल्या शोभाच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा भटजी म्हणाले, टाकलेल्या बाईला एकटीला कन्यादान करता येत नाही, एखादं जोडपं बसवा. बाई म्हणाल्या, "जिनं वाढवलं तिनं द्यायचं. तुम्हाला जमत नसेल तर उठा." भटजी खरंच उठले. बाईंनी रिक्षा पाठवून दुसरे आणले, आणि शोभा एकटी पाटावर बसली. हिरव्या लुगड्यात, ताठ. ती एरवी कुणाच्या नजरेला नजर देत नसे, पण त्या दिवशी तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तिच्यानंतर आणखी दोघी बसल्या. चौथी मी. माझ्या पोटी मूल नाही म्हणून मला घराबाहेर काढलं होतं ना, मग चार लोकांत, मंत्र म्हणून, हातावर पाणी सोडून मी माझी मुलगी देणार होते. दुसरं काही मला ह्या जन्मात नको होतं.

सत्त्याण्णव साल. बाईंना पंचाहत्तर पूर्ण होणार, अमृतमहोत्सव करायचा ठरलं. छापखान्यात तोवर काम असं उरलंच नव्हतं. कोठीच्या गल्लीगल्लीत कॉम्प्युटरवर छपाईची दुकानं निघाली होती, आणि आमच्याकडं जुन्या लोकांच्या लग्नपत्रिका नाहीतर तेराव्याचे कागद. आठ जणींपैकी आम्ही दोघी उरलो होतो. आश्रमाच्या मोठ्या खोलीत विश्वस्तांनी कॉम्प्युटरचा क्लास चालू केला होता. बायका कमी, पोरं जास्त. बाई म्हणाल्या, "माझं आयुष्य मी सांगते, तू लिहून घे. आपल्याच छापखान्यात छापू. हे आपलं शेवटचं पुस्तक." बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन नको म्हणून हटून बसल्या होत्या. म्हणून रोज सकाळी मी अंबरपेठेला जायचे, त्या सांगायच्या, मी लिहायचे.

एका सकाळी पाळण्याचा भाग आला. थुंकणारे लोक, मांजर, सगळं झालं. मग बाई म्हणाल्या, "लिही. पाळण्यात आलेलं पहिलं मूल मुलगी होती. तिचं नाव मी राणी ठेवलं आणि आमच्या छापखान्यातल्या भामेच्या ओटीत घातली. नवऱ्यानं वांझ म्हणून टाकलेल्या त्या बाईला आई केलं. आज ती राणी कॉम्प्युटर इंजिनियर आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"बाई, हे नको."

"का?"

"राणीला माहीत नाही."

"तेवीस वर्षं झाली, अजून सांगितलं नाहीस?" बाईंचा आवाज चढला. "लाज वाटते की काय तुला?"

"लाज कायकू वाटेल? पण तुमचाच नियम आहे ना बाई, मागचं विचारायचं नाही."

"विचारायचं नाही म्हणाले होते. सांगायचं नाही असं कधी म्हणाले? भामा, उभं आयुष्य मी लपवाछपवीशी भांडले. आता स्वतःच्या पुस्तकात लपवू?"

"नावं तरी बदला. एक मुलगी, एक बाई, असं लिहा."

"मग कोण विश्वास ठेवेल? नाव आहे म्हणून खरं वाटतं." मग जरा नरमल्या. "तू सांग तिला. पुस्तक यायच्या आधी सांग. तुझ्या तोंडून कळू दे."

यात त्यांचं चूक काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हणलं स्वतःला. रोज संध्याकाळी तारनाक्याच्या बसमध्ये ठरवायचे, आज सांगायचं. घरी गेलं की राणी म्हणायची, आई, आज पनीर करू का, आई, निखिलच्या आईचा फोन होता, आई, हा ड्रेस बघ. तिच्या त्या "आई"वर मी काय घाव घालणार होते? जीभ उचललीच नाही.

मग पानं जुळवायची वेळ आली. ती चार वाक्यं माझ्या समोर, माझ्याच हातानं लिहिलेली. गाळली असती तर कुणाला कळलं असतं? बाईंना दिसत नव्हतं. छापखान्यातली दुसरी बाई माझ्यावर विसंबून. कुणालाच नसतं कळलं. पण मजकूर आपला नसतो ना! बत्तीस वर्षांची अक्कल आडवी आली. आणि खरं सांगते, दुसरंही एक मनात होतं. मी म्हणलं, जुळव बये. वाचतंय कोण? ह्या हैदराबादेत मराठी पुस्तक वाचणारं राहिलंय कोण? म्हातारे मेले, पोरांना अक्षर लागत नाही, सत्काराला येणारे निम्मे तेलुगू. पुस्तक हातात घेतील, फोटो बघतील, कपाटात ठेवतील. एवढ्यावर मी निर्धास्त झाले. ज्या मराठीच्या खिळ्यांवर मी पोट भरलं, ती मेलीय म्हणूनच मी वाचेन, असा माझा हिशेब. थू माझ्या जिनगानीवर.

वर मूर्खपणा असा की पुण्याला निखिलच्या आईला फोन करून मीच बोलावलं. वैशालीताई. म्हणलं, या, आमच्या बाईंचा सत्कार आहे, आमची माणसं कशी आहेत तेही बघून होईल. मला मिरवायचं होतं. छापखान्यात काम करणारी बाई म्हणजे अगदीच कुणी नाही असं त्यांना वाटू नये, एवढीच हौस.

समारंभ दुपारचा होता. हॉल भरला. वैशालीताई तिसऱ्या रांगेत, त्यांच्या एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला निखिल. दारातच प्रत्येकाला पुस्तक दिलं होतं. मी बाजूला हारांच्या टेबलाशी उभी. मंत्री आले आणि तेलुगूत बोलायला लागले. बोलतायत, बोलतायत, थांबायचं नाव नाही. पाऊण तास झाला. सगळे टाळ्या वाजवायलेत, हसायलेत. वैशालीताईंना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि पुस्तक उघडलं.

आधी वाटलं, चाळतील आणि मिटतील. कसलं काय. ती बाई पहिल्या पानापासून वाचायला लागली. पान उलटायची, पुढचं. मंत्री बसले, दुसरे उठले, तेही तेलुगूत. मी मनात पानं मोजत होते. पाळणा सत्तेचाळिसाव्या पानावर होता, मीच जुळवला होता. माझ्या हातातला हार खाली पडला तरी मला कळलं नाही. मग त्यांचं पान उलटायचं थांबलं. चष्मा वर करून त्यांनी राणीकडं बघितलं. परत पुस्तकात बघितलं. परत राणीकडं. आणि डोळ्याला पदर लावला.

मोडलं लग्न, असं मी म्हणलं. लग्न मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी माझ्यावर येईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

भाषणं संपल्यावर वैशालीताईंनी राणीला सगळ्यांसमोर मिठी मारली. "किती धीराची ग तू! आम्हाला सांगायचं नाहीस का? आम्ही काय जुन्या वळणाची माणसं आहोत? अगं, अभिमान वाटला मला!" राणीनं विचारलं, "काय सांगायचं, काकू?" मग वैशालीताईंनी ते पान काढलं आणि तिथंच उभ्यानं तिला वाचून दाखवलं. काय सुंदर वाचतात! एकेक अक्षर स्वच्छ. "नवऱ्यानं वांझ म्हणून टाकलेल्या त्या बाईला आई केलं."

मी पोचले तोवर झालं होतं. राणी म्हणाली, "आई, हे खरं आहे?"

"हौ," मी म्हणलं.

चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. रडली नाही, भांडली नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "मग माझी खरी आई कोण?" मी म्हणलं, "माहीत नाही, राणी. कुणालाच माहीत नाही." ती म्हणाली, "तू मला आधी सांगायचं होतंस. मी त्यांच्यासमोर वेड्यासारखी उभी होते." बरोबर होतं तिचं. मी माफी मागितली. पोरीची माफी मागायची काय लाज? तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मला वाटलं, सुटले. संपलं.

पण मग ती बाईंकडं जायला लागली. आधी रविवारी, मग मधल्या दिवशीही. बाई तिला पाळण्याची हकीकत सांगायच्या, एकनाथरावांचे फोटो दाखवायच्या. एका इंग्रजी पेपरात दोघींचा फोटो आला, बाई खुर्चीत आणि राणी पायाशी. तो पेपर ऑफिसात सगळ्यांनी वाचला. बॉसनं केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. राणी घरी येऊन सांगायची, "आई, सगळे काय इज्जतीनं बोलतात आता!" आधी ती छापखान्यातल्या बाईची मुलगी होती. आता ती त्रिवेणीबाईंची कुणीतरी झाली. मला राग आला नाही असं नाही. पण म्हणलं, चार दिवसांचं कौतुक आहे, होऊ दे. लग्नात पाटावर तर मीच.

महिन्याभरानं वैशालीताईंचा फोन. "भामाताई, रागावणार नसाल तर एक सुचवू? बाईंनी कन्यादान केलं तर? कायद्यानं म्हटलं तरी पाळण्यातल्या मुलीची पालक संस्थाच ना! आमच्याकडच्या सगळ्यांना पुस्तक दिलंय मी वाचायला. सगळे म्हणतात, अशा घराण्यातल्या बाईंच्या हातून मुलगी येणार म्हणजे केवढं भाग्य. तुम्ही तर काय, घरच्याच."

फोन ठेवला आणि तशीच अंबरपेठेला गेले. बाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी म्हणलं, "बाई, वैशालीताई काहीतरी बोलतायत. तुम्ही त्यांना नाही म्हणून सांगा."

"मी हो म्हणाले आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती.

"जिनं वाढवलं तिनं द्यायचं," मी म्हणलं. "तुम्हीच भटजीला उठवलं होतं, बाई. शोभाच्या वेळी. तुमचेच शब्द आहेत."

"आहेत ना. म्हणून तर तुमच्यातल्या तिघी बसल्या. ते काम झालं, भामा. आता ते कुणी अडवत नाही." बाई पुढं वाकल्या. तोंडावर कसला आनंद होता! "पण जिचं लग्नच झालेलं नाही अशा बाईनं कन्यादान केलेलं तू पाहिलंस कुठं? अजून कुणी केलेलं नाही. पंचाहत्तराव्या वर्षी हे एक काम माझ्या हातून राहिलंय. तू बसलीस तर एका आईनं मुलगी दिली, एवढंच होईल. मी बसले तर रीत मोडेल."

"एवढंच? बाई, माझ्यासाठी तेवढंच आहे!" मी ओरडलेच. "तुमचा आश्रम आहे, छापखाना आहे, तुमच्या नावाचा रस्ता होणार म्हणतात. मला एक पोरगी दिली होती तुम्ही. घे, ही तुझी, म्हणाला होतात. दिलेलं असं परत घेतात का कुणी?"

बाई खुर्चीत मागं टेकल्या. मला वाटलं, लागलं त्यांना. मग त्यांनी चाचपून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तू शहाणी आहेस. तुला सगळ्यात आधी समजेल असं वाटलं होतं मला."

तोंडात शिवी आली होती. खरं सांगते, घाणेरडी, नांदेडची. गिळली. कारण हाच हात पाळणा धुणारा. ह्याच बाईनं मला फाटकातून आत घेतलं होतं. देवीसारखी बाई असेल तर तिच्याशी भांडायचं कसं हे कुणी शिकवलं नाही मला. मी तिथून उठून आले.

शेवटची आशा राणी. ती नाही म्हणेल, असं मी धरून चालले होते. बाईंना, सासूला, कुणालाही ती म्हणेल, माझी आई आहे ना. संध्याकाळी मी विचारलं. तिनं कपड्यांच्या घड्या घालता घालताच सांगितलं, "अगं आई, तू तर आहेसच ना. तुला कोण काढतंय? पण बाई बसल्या तर किती छान दिसेल सांग. निखिलच्या घरचे सगळे येणार आहेत, पेपरवाले येणार आहेत. एक दिवसाची तर गोष्ट आहे." मग माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नक्को."

नक्को. लहानपणी दूध नको असलं की अगदी असंच म्हणायची.

पत्रिका आमच्याच छापखान्यात छापायची ठरली, तीही मराठीत. वैशालीताईंची हौस. मजकूर त्यांनीच पुण्याहून लिहून पाठवला. कै. एकनाथराव यांच्या सुकन्या त्रिवेणीबाई यांची मानसकन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी राणी. खाली निमंत्रक म्हणून बाईंचं नाव. सगळ्यात तळाला, स्वागतोत्सुक, भामा आणि समस्त आश्रमभगिनी. आम्हा सगळ्याजणींचं मिळून एक.

मी जुळवली. काना इकडचा तिकडं केला नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत राणी प्रूफ बघायला आली, निखिल खाली स्कूटरवर थांबला होता. ओला कागद हातात घेऊन ती खुश. "आई, किती सुंदर दिसतंय ग! वाचून दाखव ना. मला कुठं येतंय नीट."

मी कागद घेतला. वाचायला लागले. शुभविवाह, तिथी, वार. मग त्या ओळीवर आले, आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मोठ्यानं, सावकाश वाचलं, "श्रीमती भामाबाई यांची एकुलती एक कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी राणी."

छापखान्यात कुणी नव्हतं. मी आणि ती. एकदा तरी मला ते ऐकायचं होतं.

राणीचा चेहरा उतरला. "थांब, थांब. असं कसं? तिथं बाईंचं नाव पाहिजे ना? काकूंनी बाईंचं लिहिलं होतं. आई, चूक झाली का? पाचशे छापायच्यात!" तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या पोरीसारखं एकेक अक्षर लावायला लागली. मी तिला कधी एवढ्या जिवापाड मराठी वाचताना बघितलं नव्हतं.

"त्रि... वे... णी." तिचा जीव भांड्यात पडला. हसलीच ती. "अब्बो, केवढं घाबरवलंस! आहे की बरोबर. तूच चुकीचं वाचलंस, आई."

"हौ," मी म्हणलं. "माझंच चुकलं."